गेटपास

बत्तीस वर्षं सारमानसच्या जेटीवर
मी ट्रक मोजले.
नंबर, वेळ, टनेज, ड्रायव्हरची सही.
मग बार्ज भरायची, मांडवीच्या वळणांनी
मुरगावच्या बंदराकडे निघायची.
मी कधी गेलो नाही तिच्यासोबत.
माझं काम गेटपर्यंत.

कॉलर लाल, कानामागे लाल,
उशीचा अभ्रासुद्धा.
धुण्याच्या दगडावर इंदुमती म्हणायची,
तुमच्या अंगातच लोखंड आहे हो,
साबण कुठवर पुरणार?

आता बांबोळीला डॉक्टर लविनिया मिनेझिस
कागदावर बोट ठेवून सांगतात:
हिमोग्लोबिन सात पूर्णांक एक.
फेरिटिन मात्र भरपूर.
म्हणजे?
म्हणजे माल आहे, काका. सुटत नाही.

हे मला कुणी समजावायला नको होतं.

खाणी बंद झाल्या त्या साली
अठ्ठावन्न ग्रेडचा ढीग जेटीवर तसाच राहिला
फाटक्या ताडपत्रीखाली.
वर गवत आलं, बकऱ्या चढल्या.
दारोदारी ट्रक उभे, टायरांत पाणी, पाण्यात डास,
बँकेचा माणूस दर महिन्याला.
ढिगाला नंबर होता.
मला पगार नव्हता.
वरून कागद यायचा होता.

इथे कागद यकृतातून निघतो.
हेप्सिडिन त्याचं नाव.
तो दाराला कुलूप लावत नाही,
दारच उखडून आत ओढून नेतो.
आतड्याच्या भिंतीत शिरलेलं लोखंड भिंतीतच राहतं
आणि चार दिवसांनी पोपड्याबरोबर गळून जातं.
जुन्या रक्तपेशी फोडून
लोखंड सोडवणारे भंगारवाले आहेत म्हणे आपल्यात,
तेही गोदाम उघडत नाहीत.
अस्थिमज्जा रिकाम्या हौद्यानं रांगेत.

यात शरीराची चूक नाही, डॉक्टर म्हणाल्या.
जंतू शिरला असता
तर हाच हुकूम कामी आला असता;
शत्रूला लोखंड मिळू द्यायचं नाही.
त्याला कुठूनतरी आगीचा वास आला,
त्यानं गेट बंद केलं.

पण चोर गेटच्या आत आहे.

उजव्या बाजूला, मोठ्या आतड्यात,
लिंबाएवढा.
वर्षभर थोडं थोडं सांडत होतं तिथून,
रात्रीचा ट्रक, बिनपावतीचा,
आणि मी, जो एका टनाचा फरक
चाकांच्या आवाजावरून ओळखायचो,
मी म्हणत होतो, वय झालं, जिना चढवत नाही.

शिवाय त्यानं स्वतःचा शिक्का खोदून घेतलाय.
तोही हेप्सिडिन काढतो, आपल्यापुरतं,
म्हणजे त्याच्यात गेलेलं बाहेर येऊ नये.
बाकीचं अंग पांढरं पडतं
आणि त्याच्या घरी साठा.
असले मालक मी पाहिलेत.

इंदुमतीनं काय नाही केलं.
नाचणीचं तिझन, तांबडी भाजी, काळा गूळ,
वर आरोग्य केंद्राच्या गोळ्या.
सगळं काळं होऊन खाली.
डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या:
न शोषलेलं लोखंड त्याच्याच दारावरून जातं, काका.
इंदुमती गप्प झाली.
डबा तिनं पिशवीत परत ठेवला, झाकण दोनदा दाबून.

तर आज शिरेतून.
आतड्याला वळसा घालून, आडवाटेनं.
बाटलीतलं पाणी तपकिरी,
डंपखालून पावसात यायचं तसल्या ओहळाचं.
सिस्टर म्हणाली, एक ग्रॅम आहे,
खाज आली तर लगेच सांगा.

एक ग्रॅम.
अख्ख्या माणसात मिळून चार, एखाद्या खिळ्याएवढं.
मी किती लाख टन सोडले असतील
हिशेब मागितला तर आजही देईन.

हेही आधी गोदामातच जाणार, मला ठाऊक आहे.
थोडं तरी सुटेल.
मंगळवारी कापायचे आहेत, तोवर नऊ हवं.

खिडकीतून झुवारीकडची बाजू दिसते,
एक रिकामी बार्ज, पाण्यावर उंच.
इंदुमती विचारते, ओठ हलतायत तुमचे,
काय मोजताय?

थेंब, म्हटलं.
सही कुणाची घ्यायची ते कळत नाही.